कार्बन फायबरवर अ‍ॅल्युमिनाचा लेप: आधी फायबरचा पृष्ठभाग ओळखा, मग सोल बनवा

सोल (द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं मिश्रण) तेच, भट्टी तीच, तापमान तेच. तरी एका फायबरवर लेप एकसंध बसतो आणि दुसऱ्यावर पोपडे सुटतात. अशा वेळी पहिला संशय सोलवर जातो आणि आठवडाभर सोलचं प्रमाण बदलण्यात जातो. बहुतेक वेळा दोष फायबरच्या वरच्या काही नॅनोमीटरमध्ये असतो. या लेखात पॅनपासून (पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल) बनवलेल्या फायबरच्या टोवर, म्हणजे हजारो तंतूंच्या जुडग्यावर, सोल-जेल पद्धतीने (सोल सुकवून, मग भाजून) गॅमा अ‍ॅल्युमिनाचा पातळ लेप कसा चढवायचा ते दिलं आहे. अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड. हा लेप मुख्यतः वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमपासून आड म्हणून वापरतात. उघड्या कार्बनशी अ‍ॅल्युमिनियमची क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ तर असतंच, शिवाय ओलाव्यात मिथेन सोडत विरघळत जातं. हवेत जळण्याचा वेग या लेपाने काहीसा कमी होतो, पण गॅमा अ‍ॅल्युमिना सच्छिद्र असतो, त्यामुळे ऑक्सिजन पूर्ण अडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

हातात कोणतं फायबर आहे?

कार्बन फायबर म्हणजे ग्राफाइटसारखे, पण वेडेवाकडे रचलेले कार्बनचे पापुद्रे. खऱ्या ग्राफाइटमध्ये दोन पापुद्र्यांतलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर असतं. टी-३०० सारख्या फायबरमध्ये (ही टोरे कंपनीची ग्रेड; पुढचे टी-७०० आणि एम-४०जे हेही तिचेच) ते ०.३४ च्या पुढे असतं, कारण पापुद्रे लहान असतात आणि नीट एकावर एक बसलेले नसतात. पापुद्र्याची पाठ रासायनिकदृष्ट्या जवळपास मुकी असते. ऑक्सिजनचे गट, पाणी, सोलमधले कण, सगळे धरतात ते पापुद्र्याच्या कडेला. म्हणून पृष्ठभागावर कडा किती उघड्या आहेत यावर लेपाची पकड ठरते.

टी-३०० चा तंतू ७ मायक्रॉनचा, घनता १.७६. ओल्या कताईमुळे त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक चर असतात. टी-७०० सुद्धा ७ मायक्रॉनचाच, पण त्याच्या कताईत धागा आधी थोड्या हवेतून जातो आणि मग द्रावणात उतरतो, त्यामुळे अंग बरंच गुळगुळीत. एम-४०जे ५ मायक्रॉनचा. तो जास्त तापमानाला भाजलेला असतो, त्यामुळे पापुद्रे मोठे आणि पृष्ठभागाला समांतर पसरलेले, म्हणजे कडा कमी. मेसोफेज पिचच्या (डांबरासारख्या कच्च्या मालापासून बनवलेल्या), अरीय रचनेच्या १० मायक्रॉनच्या तंतूत गोष्ट उलटी: पापुद्रे मध्यापासून बाहेर चाकाच्या आऱ्यांसारखे जातात आणि कडा थेट पृष्ठभागावर येतात.

कागदपत्र नसलेला बॉबिन हाती आला तर एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आधी अंगावरचे चर आणि व्यास पाहा. मग रामन वर्णपट (लेसर प्रकाशाच्या विखुरण्यावरून रचना सांगणारा) घ्या: १३५० सेमी⁻¹ च्या आसपासचा डी पट्टा रुंद आणि जी च्या बरोबरीचा किंवा त्याहून मोठा दिसला तर पापुद्रे लहान, कडा भरपूर. १५८० चा जी पट्टा टोकदार आणि डी लहान असेल तर पुढची ऑक्सिडेशनची पायरी लांबणार.

व्यासाचा आणखी एक परिणाम हिशोबात चुकतो. एक ग्रॅम टी-३०० चं भौमितिक क्षेत्रफळ सुमारे ०.३२ चौरस मीटर, एम-४०जे चं ०.४५. लेपाची घनता ३.५ धरली तर १०० नॅनोमीटर जाडीसाठी टी-३०० चं वजन ११.४ टक्क्यांनी वाढायला हवं, एम-४०जे चं जवळपास १६ टक्क्यांनी. दोन फायबरवर वजनवाढ सारखी आली म्हणजे जाडी सारखी, असं धरलं की पुढची सगळी तुलना फसते. प्रत्यक्षात लेप सच्छिद्र असल्यामुळे खरी जाडी या हिशोबापेक्षा थोडी जास्तच भरते.

खळ काढा

इचलकरंजीत सुताला विणण्याआधी खळ देतात तशीच कार्बन फायबरलाही कारखान्यात इपॉक्सीची खळ दिलेली असते, वजनाच्या साधारण एक टक्का. तिच्यावर चढवलेला अ‍ॅल्युमिना फायबरला चिकटलेलाच नसतो. भट्टीत खळ जळते आणि लेप अधांतरी राहतो.

५ ग्रॅम टो (३के चा, म्हणजे ३००० तंतूंचा टो असेल तर सुमारे २५ मीटर) सैल लडी करून सॉक्स्लेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा उकळून नमुन्यावरून फिरवणारं काचेचं उपकरण) अ‍ॅसिटोनसह २४ तास ठेवा. मग ८० अंशाला वाळवून वजन करा. पाच ग्रॅममागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास घट यायला हवी, म्हणून वजनकाटा एक मिलिग्रॅम किंवा त्याहून बारीक लागतो. घट फार कमी आली तर बॉबिन जुना असून इपॉक्सी आतल्या आत जुळून घट्ट झाली असावी. अशा वेळी अ‍ॅसिटोननंतर हवेत ४०० अंशाला अर्धा तास द्या. थेट आर्गॉनमध्ये ५०० अंशाला भाजून खळ काढायचा मोह टाळा. इपॉक्सीचा कोळसा ठिपक्यांच्या रूपात मागे राहतो, लेप त्या ठिपक्यांवर बसतो आणि ठिपक्यांसकट निघून येतो.

इथून पुढे टोला उघडा हात लावू नका. घामातलं आणि नळाच्या पाण्यातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम कार्बनच्या जळण्याला उत्प्रेरक ठरतं आणि शेवटच्या चाचणीत फायबर अपेक्षेपेक्षा लवकर पेटतं. सगळी धुलाई डिआयनाइज्ड पाण्यात करा.

कडा उघड्या करा, पण बेताने

ही ऑक्सिडेशनची पायरी: ६५ ते ६८ टक्के नायट्रिक अ‍ॅसिड, ५ ग्रॅम फायबरला २०० मिलिलिटर, फ्यूम हूडमध्ये, कंडेन्सर लावून ७० अंशाला. सुरुवातीचा वेळ असा धरा: टी-३०० साठी १ तास, टी-७०० साठी २ तास, एम-४०जे साठी ४ ते ६ तास. अरीय पिच फायबरला अर्ध्या तासापासून सुरुवात करा. कारखान्यातही फायबरवर विद्युत-रासायनिक प्रक्रिया झालेली असते, म्हणून दर लॉटला वेळ थोडाफार हलतो.

एक धोक्याची सूचना कधीही गाळू नये: अ‍ॅसिटोनचा ओलावा असलेला टो नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकायचा नाही. हे मिश्रण स्फोटक ठरू शकतं. टो पूर्ण वाळला आहे याची वजनाने खात्री करा, आणि दोन्हींच्या टाकाऊ बाटल्या वेगवेगळ्या ठेवा. तपकिरी धूर दिसू लागला तर गरम करणं थांबवा.

नंतर पाण्याचा पीएच ६ च्या वर येईपर्यंत धुवा. मग एकदा एक टक्का अमोनियाच्या पाण्यात दहा मिनिटं हलवा. पाणी पिवळसर-तपकिरी झालं तर अ‍ॅसिडने सैल केलेला कार्बनचा चुरा निघतो आहे. तो तसाच राहिला तर लेप चुऱ्याला चिकटतो, फायबरला नाही. इथे कॉस्टिक सोडा वापरू नका, पुन्हा सोडियमचा प्रश्न येतो. अमोनियाचं पाणी गडद झालं तर प्रक्रिया जास्त झाली, पुढच्या वेळी वेळ निम्मा करा.

पुरेसं झालं का हे पाहायला सोपी चाचणी आहे. एक सेंटिमीटरचा तुकडा पाण्यावर अलगद सोडा. कच्चा टो हवा धरून तरंगत राहतो, नीट झालेला काही सेकंदांत भिजून बुडतो. पण बुडाला म्हणून बळ टिकलं असं नाही. एकेका तंतूची ताणचाचणी आयएसओ ११५६६ प्रमाणे २५ मिलिमीटर लांबीवर, निदान तीस तंतूंवर करा. टी-३०० चा तंतू तुटायला फक्त १४ ग्रॅमच्या वजनाइतकं बळ लागतं, त्यामुळे लोडसेल त्या मापाचा हवा. बळ दहा टक्क्यांहून जास्त घसरलं असेल तर पकड वाढवण्याच्या नादात आपण फायबरच खाल्लं आहे. ज्या कडांना लेप धरतो त्याच कडांवर ऑक्सिजन आणि वितळलेलं अ‍ॅल्युमिनियमही आधी हल्ला करतात. लेपाला तडा गेला तर जास्त कडा उघडलेलं फायबर कमी उघडलेल्यापेक्षा लवकर खराब होतं.

बोहमाइटचं सोल

बोहमाइट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड-हायड्रॉक्साइड; भट्टीत त्याचाच गॅमा अ‍ॅल्युमिना होतो. ही योल्डास या संशोधकांनी १९७५ च्या सुमारास मांडलेली पद्धत. पाण्याचे १०० मोल, अ‍ॅल्युमिनियमचा १ मोल, अ‍ॅसिडचे ०.०७ मोल, हे प्रमाण धरा. छोट्या घाण्यासाठी:

डिआयनाइज्ड पाणी १८० मिलिलिटर
अ‍ॅल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड २०.४ ग्रॅम, कोरडं, गुठळ्या नसलेलं
नायट्रिक अ‍ॅसिड ६८ टक्के, ०.४६ मिलिलिटर, आधी १० मिलिलिटर पाण्यात मिसळून

पाणी ८५ अंशाला आणा आणि जोरात ढवळत पावडर थोडी थोडी टाका. पाणी गार असताना टाकली तर बोहमाइटऐवजी बायराइट (bayerite, हायड्रॉक्साइडचं दुसरं रूप) होतं आणि ते अ‍ॅसिडने फुटून सोल होत नाही, गाळ तसाच राहतो. दुधी लगदा झाला की दीड तास झाकण उघडं ठेवा, म्हणजे सुटलेला आयसोप्रोपॅनॉल (या घाण्यात सुमारे २३ मिलिलिटर) उडून जाईल. आसपास ज्योत नको. मग अ‍ॅसिड घाला, कंडेन्सर लावा आणि ८५ ते ९० अंशाला १६ ते २४ तास ढवळत राहू द्या. दुधी रंग जाऊन निळसर झाक असलेलं अर्धपारदर्शक सोल मिळालं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही तळाला पांढरा गाळ दिसला तर बहुधा पावडरने बाटलीतच ओल धरली होती. गाळून सोल वापरता येतं, पण अ‍ॅल्युमिना किती उरला ते मोजून घ्या: ५ मिलिलिटर सोल क्रुसिबलमध्ये सुकवून ६०० अंशाला भाजा आणि वजन करा. आकारमान पाणी घालून २०० मिलिलिटरला आणलं तर २.५ टक्के अ‍ॅल्युमिना यायला हवा.

सोलचा पीएच ३.५ ते ४ दरम्यान ठेवा. बोहमाइटचे कण या पीएचला धन भाराचे असतात, कारण त्यांचा शून्यभार बिंदू (ज्या पीएचला कणांवर भार उरत नाही तो) ९ च्या आसपास असतो. ऑक्सिडाइझ केलेल्या फायबरवरचे कार्बोक्सिल गट ३.५ च्या वर ऋण होऊ लागतात. दोघांची ओढ असते म्हणूनच पहिला थर बसतो. पीएच २ ला नेला तर सोल छान पारदर्शक दिसतं, पण फायबरवरचा ऋण भार नाहीसा होतो आणि लेप फक्त सुकल्यामुळे चिकटलेला राहतो.

बुडवणं आणि सुकवणं

टोचे ३० सेंटिमीटरचे तुकडे काचेच्या चौकटीवर हलक्या ताणाने, पसरून बांधा. ३००० तंतू गच्च एकत्र राहिले तर सोल मधल्या फटींत ओढलं जातं, सुकताना तंतूंमध्ये पूल बनतात आणि टो काडीसारखा कडक होतो. नंतर तो वाकवला की पूल तुटतात आणि जाताना लेपाचा तुकडा उचकटून नेतात.

पहिल्या बुडीसाठी सोल निम्मं पातळ करा, म्हणजे १.२५ टक्के. चौकट सोलमध्ये ठेवून डेसिकेटरमध्ये पाच मिनिटं निर्वात करा, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते. हळूहळू उभी वर काढा, मिनिटाला पाच सेंटिमीटर या बेताने. टोकाला जमलेला थेंब फिल्टर पेपरने टिपा. आता पीएच ४ च्या पाण्यात एकदा बुडवून धुवा. यात सैल सोल निघून जातं आणि पृष्ठभागाने स्वतः धरलेला थरच राहतो. दोन वेगळ्या पृष्ठभागांची तुलना करायची असेल तर या टप्प्यावरचं, वाळल्यानंतरचं वजन सगळ्यात बोलकं असतं, कारण त्यात फटींत अडकलेल्या सोलचा वाटा नसतो. हा थर बसला की पुढच्या बुड्या २.५ टक्के सोलमध्ये द्या, न धुता. एक ग्रॅम फायबरने एक ग्रॅम सोल धरलं तर एका बुडीला साधारण २२ नॅनोमीटर जाडी चढते. दोन ते तीन बुड्या पुरेत.

प्रत्येक बुडीनंतर धूळ नसलेल्या जागी रात्रभर टांगून सुकवा, मग ८० अंशाला एक तास, १२० ला एक तास. पंखा लावून घाई केली तर सोल एका बाजूला सरकतं आणि तंतूची एक बाजू जाड, दुसरी उघडी राहते.

भट्टी

बोहमाइटचा गॅमा अ‍ॅल्युमिना ४५० ते ५०० अंशांच्या दरम्यान होतो. त्याच तापमानाला हवेत कार्बन जळतो, म्हणून आर्गॉन. ५० मिलिमीटर आतल्या व्यासाची एक मीटर नळी असेल तर आत सुमारे दोन लिटर वायू मावतो. मिनिटाला २०० मिलिलिटर प्रवाहाने पाच पट वायू जायला ५० मिनिटं लागतात, तोपर्यंत तापवू नका. मिनिटाला २ अंशाने ३०० ला न्या आणि अर्धा तास थांबा. या टप्प्यात नायट्रेट विघटतं आणि त्याचे वायू कार्बनलाच ऑक्सिडाइझ करू शकतात, म्हणून प्रवाह कमी करू नका. मग मिनिटाला ४ अंशाने ६०० ला, तिथे एक तास. २०० च्या खाली आल्याशिवाय नळी उघडायची नाही. खोलीत हवा खेळती हवी. आर्गॉन जड असतो, खाली साचतो आणि त्याला वास नसतो.

नळीत वायू येतो त्या बाजूला खळ काढलेल्या उघड्या फायबरचा वजन केलेला तुकडा ठेवा. त्याची घट एक टक्क्याहून जास्त आली तर भट्टीत गळती आहे आणि त्या फेरीचे नमुने तुलनेत घेऊ नका.

तडे काय सांगतात

एसईएमखाली नुसते तडे मोजून काही हाती लागत नाही. तडा कोणत्या दिशेने गेला आहे ते पाहा.

तंतूभोवती बांगडीसारखे, ठरावीक अंतराने तडे असतील तर कारण औष्णिक आहे. कार्बन फायबर लांबीच्या दिशेने तापल्यावर किंचित आखडतं, दर अंशाला दशलक्षांश उणे ०.४ या प्रमाणात. अ‍ॅल्युमिना त्याच दिशेने दशलक्षांश ८ प्रमाणात फुगतो. ६०० अंशांवरून थंड होताना लेपावर अर्ध्या टक्क्याचा ताण पडतो. पातळ लेप हे सोसतो, कारण तडा पसरायला लागणारी साठलेली ऊर्जा जाडीच्या प्रमाणात असते. उपाय एकच, जाडी कमी करा. थंड करण्याचा वेग कमी करून फार फरक पडत नाही, कारण ताण तापमानातल्या फरकाचा आहे.

लांबीच्या दिशेने, चरांना धरून तडे असतील तर दोष सुकण्यातला. टी-३०० च्या चरात सोल साचतं, तिथे लेप चरांमधल्या उंचवट्यांपेक्षा जाड होतो आणि सुकताना आकसून फाटतो. सोल पातळ करा, बुड्या वाढवा. टी-७०० वर हे तडे क्वचित दिसतात. तिथे नेहमीची तक्रार वेगळी असते: लेप नळीसारखा अख्खा सरकून निघतो. आडव्या दिशेने फायबर अ‍ॅल्युमिनाइतकं किंवा त्याहून जास्त आकसतं, म्हणजे थंड होताना लेपापासून आत ओढलं जातं. चर असले तर ते यांत्रिक खाचेचं काम करतात. गुळगुळीत फायबरला तो आधार नाही, म्हणून तिथे ऑक्सिडेशन कमी पडलं की लगेच कळतं.

ठिपक्याठिपक्यांनी लेप, मधे उघडी जागा, हे एम-४०जे वरचं नेहमीचं चित्र. कडा कमी असल्यामुळे कण मोजक्या ठिकाणी धरतात आणि पुढच्या बुडीत तिथेच वाढत जातात. बुड्या वाढवून उघडी जागा भरत नाही, ठिपकेच मोठे होतात. परत ऑक्सिडेशनकडे जा.

तंतूंच्या मधल्या पडद्यांचा फायबरच्या रचनेशी काही संबंध नाही. ते टो न पसरल्याचे.

टीजीए आणि उरलेली नळी

टीजीए म्हणजे तापवत तापवत वजनातला बदल मोजणं. हवेत मिनिटाला १० अंशाने ९०० पर्यंत न्या आणि तीन नमुने चालवा: खळ काढलेला, खळ काढून ऑक्सिडाइझ केलेला, आणि लेप दिलेला. मधला नमुना बहुतेक जण गाळतात. तो पहिल्यापेक्षा कमी तापमानाला जळू लागतो, आणि लेपाचा खरा फायदा त्याच्याशी तुलना करूनच कळतो.

शेवटी टीजीएच्या नमुना-ताटलीत पांढरी राख उरते. १०० मिलिग्रॅम टी-३०० मधून ८ मिलिग्रॅम राख आली तर ९२ भाग कार्बनवर ८ भाग अ‍ॅल्युमिना, म्हणजे ८.७ टक्के, म्हणजे साधारण ७६ नॅनोमीटर. राख टाकून देऊ नका. चिमट्याने अलगद उचलून एसईएमखाली पाहिली तर ती पोकळ नळ्यांची असते. तुटलेल्या तोंडाशी भिंतीची जाडी थेट मोजता येते, आणि आतल्या अंगावर फायबरच्या चरांचा उलटा ठसा दिसतो. ठसा स्पष्ट असेल तर सोल चराच्या तळापर्यंत पोचलं होतं. आतलं अंग सपाट आणि चरांच्या जागी पोकळी असेल तर सोल वरूनच पूल टाकून गेलं, म्हणजे भिजणं कमी पडलं. दिसायला दोन्ही लेप बाहेरून सारखेच असतात.

सोल-जेलऐवजी वाफेतून लेप द्यायचा असेल

मिथाइलट्रायक्लोरोसिलेन आणि हायड्रोजनमधून १००० ते ११०० अंशाला सिलिकॉन कार्बाइड चढवतानाही कडांचा नियम लागू होतो, फक्त कारण बदलतं. कडा आणि दोषांच्या जागी स्फटिकांची बीजं आधी पडतात. बीजं भरपूर असली तर दाणा बारीक आणि लेप घट्ट, मोजकी असली तर बेटं वाढत जाऊन खडबडीत थर. पण तिथे नायट्रिकचा मार्ग फारसा कामाचा नाही, कारण त्या तापमानाला पोचण्याआधीच ऑक्सिजनचे बहुतेक गट कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड होऊन निघून जातात. म्हणून आधी पायरोलिटिक कार्बनचा (वायूचं उष्णतेने विघटन होऊन बसणारा कार्बन) १०० ते २०० नॅनोमीटरचा थर देऊन त्यावर कार्बाइड चढवतात. मग खालचं फायबर टी-३०० असो की एम-४०जे, बीजं पडतात ती या नव्या थरावर. वितळलेल्या क्षारातून टायटॅनियम कार्बाइड करताना मात्र कार्बन फायबरचाच खर्च होतो. कडांच्या जागी क्रिया आधी आणि खोल जाते, म्हणून तिथे फायबर ऑक्सिडाइझ न करता, फक्त खळ काढून वापरा.